आधी तास मोजा, मग बॅटरी विका

इन्व्हर्टर आणि सोलरचं काम सुरू करायचंय, असं म्हणणाऱ्या जुन्नर-आंबेगावकडच्या मित्रांसाठी आजचा धडा. व्हिडिओमधला हिशोब इथे सविस्तर देतोय. वही-पेन घेऊन बसा.

आपल्या भागात गिऱ्हाईक कुठे आहे? मळ्यात, वस्तीवर. शेतीपंपाला आळीपाळीने दिवसा आणि रात्री वीज मिळते, बाकीच्या वेळी मळ्यातल्या घरांना सिंगल फेजवर भागवावं लागतं. त्यात उसात बिबट्या. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चारही तालुके येतात आणि माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, यावरून प्रश्न किती मोठा आहे ते कळतं. म्हणून इथे गोठ्यासमोरचा दिवा ही चैन नाही. तुम्ही चार तास सांगितलेत आणि दिवा तीन तासांत गेला, तर त्या वस्तीवर तुमचं नाव पुन्हा कोणी घेणार नाही.

पायरी १ : लोड लिहा

समजा, ओतूरजवळचं एक घर आहे. ९ वॅटचे चार बल्ब म्हणजे ३६ वॅट. गोठ्याबाहेरचा एलईडी २०. साधे दोन पंखे १५०. वायफाय आणि मोबाईल चार्जिंग १४. एकूण २२० वॅट.

पायरी २ : बॅटरीत खरं किती आहे?

१२ व्होल्ट × १५० एएच = १८०० वॅट-तास. पण हा झाला कागदावरचा आकडा. लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची तर साधारण निम्मीच वापरायची, म्हणजे ९०० उरले. इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो, ती वजा करून ७५० धरा. ७५० ला २२० ने भागा. साडेतीन ताससुद्धा पूर्ण होत नाहीत!

आता गंमत बघा. तेच दोन पंखे ३० वॅटचे बीएलडीसी लावले, तर लोड १३० वर येतो आणि तीच बॅटरी साडेपाच तासांहून जास्त चालते. म्हणजे दुसरी बॅटरी गळ्यात मारण्याआधी पंखे बदलायला सांगा. त्या दिवशी तुमचा गल्ला कमी भरेल, पण शेजारचं घर स्वतःहून फोन करेल.

पायरी ३ : बॅटरी भरणार कधी?

निम्मी उतरलेली ही बॅटरी १५ ॲम्पियरने भरायला साधारण सहा तास लागतात. तेवढा वेळ सलग वीज येते का, हे विचारल्याशिवाय कोटेशन देऊ नका.

पायरी ४ : सोलरबद्दल खरं बोला

इथेच बहुतेक जण फसतात. ऑन-ग्रिड सोलर लाईट गेली की बंद होतं, भर उन्हातसुद्धा! तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती सोय असते. लाईट गेल्यावरही घर चालू ठेवायचं असेल, तर बॅटरीसह हायब्रिड किंवा ऑफ-ग्रिड सिस्टीम लागते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून जास्त असेल तर ७८,००० रुपये अनुदान आहे. पण ते ग्रिडला जोडलेल्या घरगुती सिस्टीमसाठी. गिऱ्हाईकाला हे आधीच सांगा.

भीमाशंकरच्या बाजूला पावसाळ्यात दिवसेंदिवस ऊन दिसत नाही. तिथे एका रात्रीपुरती बॅटरी धरून चालत नाही, दोन-तीन दिवसांचा साठा धरा. आणि विहिरीवरची मोटर घरच्या इन्व्हर्टरवर कधीच घेऊ नका. ३ एचपी म्हणजे सव्वादोन हजार वॅट, चालू होताना तर त्याच्या कितीतरी पट! अशा शेतकऱ्याला 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेची माहिती द्या. त्यात सर्वसाधारण शेतकऱ्याचा वाटा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा ५ टक्के असतो.

कमाई कुठे आहे?

बॅटरीवरचं मार्जिन एकदाच मिळतं. दर काही महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर, टर्मिनलची सफाई, अर्थिंगची तपासणी, असा वर्षाचा करार करा. एका वस्तीवरची दहा घरं एकाच फेरीत झाली, तर पेट्रोल परवडतं.

आजचा गृहपाठ : स्वतःच्या घराचा लोड लिहा, तास काढा. मग लाईट गेल्यावर घड्याळ लावून बघा. तुमचा आकडा आणि घड्याळ जुळलं, की पहिल्या गिऱ्हाईकाकडे जायला तुम्ही तयार!