मारधाडीचा चित्रपट आणि स्त्री-रसिक : ‘सविकल्प समाधी’च्या आधारे काही विचार

भरताच्या नाट्यशास्त्रात, सिद्धीचे विवेचन करणाऱ्या २७व्या अध्यायात, कोणत्या प्रेक्षकाला काय रुचते याची एक वाटणी आढळते. तरुण शृंगारविषयक प्रसंगांत रमतात, विरक्त मोक्षविचारात, वृद्ध धर्माख्यानांत आणि पुराणांत; शूर पुरुषांना बीभत्स-रौद्र, द्वंद्वे आणि युद्धे आवडतात. स्त्रियांचा उल्लेख येतो तो बालक आणि मूर्ख यांच्या पंक्तीला. त्यांचे समाधान हास्याने आणि नेपथ्याने, म्हणजे वेशभूषा-सजावटीने, होते असे भरत सांगतो. ही वाटणी त्या काळाची म्हणून सोडून द्यावी, तर ती सुटत नाही. ‘माहेरची साडी’ (१९९१) या चित्रपटाला लोटलेल्या स्त्रियांच्या गर्दीविषयी बोलताना अश्रू हेच स्त्रीप्रेक्षकाचे स्वाभाविक क्षेत्र आहे, असे किती सहजपणे गृहीत धरले गेले, हे आठवून पाहावे. हास्याच्या जागी करुण आला, एवढाच फरक. युद्ध आणि द्वंद्व मात्र जिथल्या तिथे राहिले.

प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो या वाटणीत न बसणाऱ्या रसिकेचा. तिला मारधाडीचे चित्रपट आवडतात. नवऱ्याने वा मुलाने लावला म्हणून ती ते पाहत नाही. ती ते निवडते, पुन्हा पुन्हा पाहते, कोणता प्रसंग केव्हा येणार हे तिला पाठ असते. अशा स्त्रिया आपल्या महाविद्यालयांच्या अध्यापककक्षांतही असतात. फक्त आवडत्या कलाकृतींची यादी सांगताना त्या हे चित्रपट शेवटी, आणि थोडे हसून, सांगतात. या हसण्यात समीक्षेचाही वाटा आहे. या आनंदाला नाव देण्यासाठी समीक्षेने तिच्या हाती ‘अभिरुचीची घसरण’ यापलीकडे फारसे काही ठेवलेले नाही.

पाश्चात्त्य चित्रपटमीमांसेने हा प्रश्न उपस्थित केला, याचे श्रेय तिला दिले पाहिजे. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ साली ‘स्क्रीन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात हॉलिवूडच्या रूढ चित्रपटाची घडणच पुरुषी दृष्टीसाठी झालेली आहे, असे प्रतिपादन केले : पुरुष पाहतो आणि कृती करतो, स्त्री पाहिली जाते. मग सभागृहात बसलेल्या स्त्रीचे काय, या आक्षेपाला त्यांनी १९८१ मध्ये ‘ड्युएल इन द सन’ (१९४६) या चित्रपटाच्या निमित्ताने उत्तर दिले. फ्रॉइडचा आधार घेऊन त्या म्हणतात, की कृतिशील नायकाशी एकरूप होणारी स्त्री तात्पुरते पुरुषत्व स्वीकारते; पण तो वेष उसना असल्याने त्यात ती अस्वस्थच राहते. मल्व्हींचे पहिले प्रतिपादन आजही उपयुक्त आहे. दुसऱ्यात मात्र एक गोष्ट सिद्ध न करताच गृहीत धरलेली आहे. साहस ही मुळात पुरुषाची मालमत्ता ठरवली, की स्त्रीने त्याचा घेतलेला आस्वाद उसनवारीचाच ठरणार. भरताची वाटणी येथे वेगळ्या परिभाषेत परत आली आहे, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

आपल्याकडे या संदर्भात एक जुनी उपपत्ती उपयोगी पडण्यासारखी आहे. १९२१ साली बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकर यांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाङ्मयाचा वाचक पात्राच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःचे स्वत्व टाकून देत नाही. एकाच वेळी स्वतः असणे आणि दुसराही होणे यातच त्याचा आनंद आहे, असा तिचा आशय. या कल्पनेवर मराठी समीक्षेत पुष्कळ वाद झाला. ‘समाधी’ आणि ‘विकल्प’ एकत्र नांदतील कसे, हा त्यातला एक प्रश्न. शिवाय केळकरांपुढचा वाचक पुरुषच आहे, हेही उघड आहे. तरीही, किंबहुना म्हणूनच, ही उपपत्ती स्त्री-रसिकेला लावून पाहण्याजोगी आहे. मल्व्हींच्या मांडणीत स्वत्व शिल्लक राहणे ही तादात्म्यातील उणीव ठरते; केळकरांच्या मांडणीत तीच आनंदाची अट आहे.

उदाहरण घेऊ. जॉन मॅकटिअर्नन यांच्या ‘डाय हार्ड’ (१९८८) या चित्रपटाचा नायक जॉन मॅक्लेन हा न्यूयॉर्कचा पोलीस. बायकोच्या कार्यालयातील नाताळच्या समारंभासाठी तो लॉस एंजेलिसला येतो, आणि सशस्त्र टोळीने ताब्यात घेतलेल्या उंच इमारतीत एकटा सापडतो; तोही अनवाणी. त्याच्या पायांत काही नाही हे खलनायकाच्या ध्यानात येते, आणि तो काचांवर गोळ्या झाडण्याचा हुकूम देतो. मॅक्लेन त्या काचांवरून जातो आणि नंतर स्वच्छतागृहात बसून तळव्यांतले तुकडे उपसतो. भरताने वीररसाचे जे विभाव सांगितले आहेत त्यांत बल आणि पराक्रम यांच्याआधी असंमोह आणि अध्यवसाय येतात : भांबावून न जाणे आणि निश्चय न सोडणे. चित्रपटाचा बहुतेक भाग या दोहोंवरच उभा आहे. एकटे असणे, संख्येने कमी असणे, वरिष्ठांनी विश्वास न ठेवणे, हाताशी असेल त्या वस्तूने वेळ निभावणे, आणि रक्ताळलेल्या पायांनी पुढचे काम करणे, यांतले काय स्त्रीला उसने घ्यावे लागते?

आता दुसऱ्या काचा. रमेश सिप्पी यांच्या ‘शोले’त (१९७५) बसंती टांगा हाकते. दरोडेखोर घोड्यांवरून तिचा पाठलाग करतात, तेव्हा सबंध पडदा वेगाने भरून जातो. चाबूक, चाके, धूळ, आणि लगाम एका स्त्रीच्या हातात. प्रत्यक्ष साहसदृश्यांत हेमामालिनीऐवजी रेश्मा या साहसकलावतीने काम केले, ही गोष्ट आज सर्वज्ञात आहे. म्हणजे तेथे दोन स्त्रियांचे कौशल्य एकवटले आहे. बसंती अखेर पकडली जाते. मग गब्बरसिंग तिला नाचायला लावतो. तिचे पाय चालतील तोवर वीरूचा श्वास चालेल, ही अट. आणि पुढे तिच्या पायांखाली काचा फोडल्या जातात.

दोन्ही ठिकाणी पाय अनवाणी, काचा खऱ्या, रक्त तेच. सहनशक्ती बसंतीची तसूभरही कमी नाही. ती जास्तच आहे असे कोणी म्हटल्यास वाद घालता येणार नाही. पण मॅक्लेनचे पाऊल त्याला पुढे नेते. बसंतीचे पाऊल तिला जागच्या जागी फिरवते. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीची जी सात विघ्ने सांगितली, त्यांत ‘हे माझे’, ‘हे परक्याचे’ अशी व्यक्तिगत जाणीव जागी होणे हे एक विघ्न आहे. टांग्याच्या प्रसंगात स्त्री-रसिकेला हे विघ्न येत नाही. नृत्याच्या प्रसंगात येते, आणि ते तिच्या दुबळेपणामुळे नव्हे. क्षणापूर्वी जिच्याबरोबर आपण धावत होतो तिच्याकडे आता गब्बरच्या बाजूने पाहण्यास कॅमेरा सांगतो. आपण कोण आहोत याची आठवण तिला करून दिली जाते. ‘शोले’ आवडणारी स्त्री हा प्रसंग गाळत नाही, सोसते. तिच्या आवडीत हे सोसणेही मिसळलेले असते.

‘डाय हार्ड’ही याबाबतीत निर्दोष नाही. नायकाची पत्नी हॉली माहेरच्या आडनावाने नोकरी करते. ती थंड डोक्याची आहे; ओलिसांच्या वतीने खलनायकाशी बोलण्याचे धैर्य तिच्यापाशी आहे. शेवटी मात्र नवरा तिची ओळख माहेरच्या आडनावाने करून देतो, आणि तीच ती दुरुस्त करून त्याचे आडनाव लावते. विकल्प जागा असलेली रसिका येथे किंचित मागे सरकते. थोड्याच वेळात हॉली एका उपद्रवी वार्ताहराच्या तोंडावर ठोसा लगावते, आणि रसिका पुन्हा पुढे येते. हे मागेपुढे होणे म्हणजेच सविकल्प समाधी. स्त्रीच्या आनंदाला प्रतिष्ठा देण्याच्या भरात तिला केवळ नायकाचे धैर्य आवडते, हिंसा नाही, असे म्हणण्याचा मोह अभ्यासकांना होतो. तो टाळावा. तिला ठोसाही आवडतो.

स्त्रीच नायक असेल तेव्हा हा प्रश्न सुटतो, असे नाही. मुंबईत वाडिया मूव्हीटोनने काढलेला, होमी वाडिया दिग्दर्शित ‘हंटरवाली’ (१९३५) हा आपल्याकडचा गाजलेला आरंभबिंदू. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या मेरी एव्हान्स, म्हणजेच नादिया, त्यात राजकन्या झाल्या. पण हंटर हाती घेण्यासाठी त्या राजकन्येला मुखवटा चढवावा लागला. पुढे ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये (१९३६) त्या धावत्या आगगाडीच्या टपावर लढल्या. हॉलिवूडने मुखवट्याऐवजी मातृत्व दिले. ‘एलियन्स’मधली (१९८६) रिप्ली एका अनाथ मुलीसाठी लढते, ‘टर्मिनेटर २’मधली (१९९१) सारा कॉनर मुलासाठी. मॅक्लेनलाही पत्नीला वाचवायचे असते हे खरे. परंतु त्याच्या बळाला ती सबब म्हणून द्यावी लागत नाही. साराचे बळ तर प्रथम वेडात जमा होते. मनोरुग्णालयाच्या खोलीत उभ्या केलेल्या खाटेला लोंबकळून ती स्वतःला वर ओढते आहे, दंडांवर घाम आहे, असे तिचे पहिले दर्शन घडते. त्या काही क्षणांत मूल नाही, शत्रू नाही. आहे तो केवळ अध्यवसाय. यव्हॉन टास्कर यांनी १९९३ मधील आपल्या ग्रंथात पिळदार शरीर ही केवळ पुरुषाची खूण उरली नसल्याचे दाखवले, त्याला हे दृश्य चांगला पुरावा आहे.

या दृष्टीने जॉर्ज मिलर यांच्या ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’मधील (२०१५) एक प्रसंग पाहण्यासारखा आहे. या चित्रपटाच्या संकलनासाठी मार्गारेट सिक्सेल यांना ऑस्कर मिळाले. रात्र, चिखल, अंधारातून जवळ येणारा प्रकाशझोत, आणि बंदुकीत मोजक्या गोळ्या. मॅक्सचे नेम चुकतात. शेवटची गोळी उरते तेव्हा तो काही न बोलता बंदूक फ्युरिओसाकडे देतो, आणि ती नळी त्याच्याच खांद्यावर टेकवते. प्रेक्षक स्त्री येथे कोणाच्या जागी आहे? नेम धरणाऱ्या डोळ्याच्या, हे तर खरेच; पण न हलण्याची जबाबदारी असलेल्या त्या खांद्याच्याही. श्वास घेऊ नकोस, असे ती त्याला सांगते. तो घेत नाही. गोळी सुटते आणि पलीकडचा दिवा फुटतो.