उमेदवारीचे फलित : मोडी दप्तरातील विद्यार्थी

‘उमेदवार’ हा शब्द मराठीने फारसीतून घेतला. आशा धरून काम शिकणारा, असा अर्थ त्यास मराठीत प्राप्त झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कार्यानुभवास स्थान दिले. त्यामुळे भाषेच्या विद्यार्थ्याने उमेदवारी कोठे करावी व तीत कोणते काम फलदायी ठरते, हा प्रश्न विचारणीय झाला आहे. मोडी दप्तर हे या दृष्टीने उत्तम उदाहरण होय.

अशा दप्तरात विद्यार्थ्याकडे सामान्यतः दोन कामे येतात : सूची करणे आणि बाळबोधीत लिप्यंतर करणे. सूचीचे काम वरवर कारकुनी दिसते. परंतु पेशवेकालीन पत्रावर ‘इहिदे सबैन मया व अलफ’ असे वर्ष आढळले, की अरबी संख्यावाचकांवरून ११७१ हा शुहूर सन काढावा लागतो, आणि तो मृगापासून सुरू होत असल्याने त्याचा मेळ इ. स. १७७०-७१ शी घालावा लागतो. लिप्यंतर याहून कठीण आहे. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेदही सहसा पाळीत नाहीत. ‘दिन’ की ‘दीन’ याचा निर्णय अक्षरावरून होत नाही. तो संदर्भावरून करावा लागतो. विद्यार्थी येथे प्रथमच नकलनवीस न राहता वाचक होतो.

तंजावरच्या मराठी राज्याचे मोडी कागद या कामाला आणखी एक परिमाण देतात. १८५५ मध्ये खालसा झालेल्या या राज्यातील गावे तमिळ, तर दप्तराची भाषा मराठी. तमिळ नाव मराठी लेखनिकाने आपल्या कानास जसे लागले तसे उतरविले, म्हणजे केवळ मराठी जाणणारा अडखळतो. केवळ तमिळ जाणणाऱ्यास लिपीच लागत नाही. दोघांनी एकत्र बसून एक गाव ओळखले, तर तौलनिक अभ्यासाचा तो प्रत्यक्ष पाठच ठरतो.

या कामाचे मूल्यमापन मात्र बहुधा पृष्ठसंख्येवर होते, आणि तेथेच धोका आहे. संशयित जागी अंदाजाने भरलेले नाव सूचीत शिरते, सूचीवरून ग्रंथात जाते. मूळ कागद पुन्हा उघडून पाहणारे वाचक थोडेच असतात. उलट, प्रश्नचिन्ह घालून मोकळी सोडलेली जागा पुढील अभ्यासकास सावध करते.

म्हणून उमेदवारीच्या अहवालात किती कागद वाचले याबरोबरच कोणते वाचन संशयित राहिले, कोणते कशाच्या आधारे बदलले आणि कोणाच्या साहाय्याने निश्चित झाले, याची नोंद असावी. आपल्या निर्णयाचा माग असा दाखविता येणे, हेच त्या अल्प मुदतीचे खरे समाधान होय. गुण देणाऱ्या मार्गदर्शकानेही प्रथम हीच नोंद पाहावी.