क्लच दाबूनही गिअर पडेना? खर्चाआधी हवा बघा

ताईंनो, गटाच्या कर्जातून पिकअप घेतली, पहाटे मोसंबी भरून अंबडहून जालन्याच्या मार्केटला निघायचं, आणि गिअरच पडत नाही! कुणीतरी म्हणतं, "क्लच प्लेट गेली." मग गिअरबॉक्स उतरवायचा खर्च, वर दिवसाचं भाडं बुडतं. पण कधी कधी दोष फक्त नळीत शिरलेल्या हवेचा असतो. तो ओळखायचा कसा, ते आज शिकू.

आधी फरक ओळखा
• इंजिन रेस होतं पण चढाला गाडी ओढत नाही, जळका वास येतो : प्लेट झिजलेली असू शकते. हे काम मेकॅनिकचं.
• पेडल मऊ लागतं, गिअर टाकताना करकर होते, दोन-चारदा पेडल मारलं की गिअर पडतो : हवा किंवा गळती.
• क्लच केबलचा असेल तर हा धडा लागू नाही.

असं का होतं?
बिनसुईची सिरिंज घ्या. पाणी भरून तोंड बोटाने बंद करा आणि दांडा दाबा. हलत नाही. आता हवा भरून दाबा. दांडा आत जातो. क्लचच्या नळीतही तसंच. तेल दाबलं जात नाही, म्हणून पायाचा जोर पुढे पोचतो. हवा असली की जोर तिथेच जिरतो.

हवा काढायची रीत (दोघी लागतात)
१. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जाऊ नका.
२. झाकणावर लिहिलेलंच तेल (डॉट ३ किंवा डॉट ४) नव्या बाटलीतून डबीत भरा.
३. गिअरबॉक्सजवळच्या क्लच सिलिंडरच्या निप्पलला पारदर्शक नळी लावा. दुसरं टोक थोडं तेल असलेल्या बाटलीत बुडवा.
४. एकीने पेडल चार-पाचदा मारून दाबून धरायचं आणि "धरलं" म्हणायचं. दुसरीने पान्याने निप्पल पाव फेरा सैल करायचं. बुडबुडे निघतील. निप्पल घट्ट करून "सोड" म्हणायचं. मगच पेडल सोडायचं.
५. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करा. डबी रिकामी होऊ देऊ नका. काही गाड्यांत ब्रेक आणि क्लचची डबी एकच असते. तिच्यातून हवा गेली तर ब्रेकही जाईल.

हे विसरू नका
हवा आपोआप शिरत नाही. डबीतलं तेल कमी झालं असेल तर गळती शोधा : पेडलमागे, नळीच्या जोडाला, खालच्या सिलिंडरच्या रबराजवळ. गळती असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्या, नाहीतर आठवड्यात पुन्हा तेच. इंजिन ऑइल टाकू नका, रबर फुगून सिलिंडर बिघडतं. नळी बदलायची तर त्याच गाडीची, दाब सहन करणारीच घ्या. साधी पाइप बसवणं म्हणजे रस्त्यात फजिती. हे तेल रंग खातं. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. डोळ्यांत जाऊ देऊ नका. निघालेलं तेल परत वापरू नका.

हवा काढूनही पेडल मऊच राहिलं, तर गाडी भाड्याला नेऊ नका. मेकॅनिकला दाखवा आणि आपण काय केलं ते सांगा.

पुढच्या बैठकीत : आपल्या गाडीचा क्लच केबलचा की तेलाचा, आणि तेल शेवटचं कधी बदललं? गाडीच्या वहीत आजच तारीख लिहून ठेवा.