दोघांची परसबाग

होळी झाली. रब्बीचे दाणे घरात आले. आता मृग लागेपर्यंत शेतात फारसे काम नाही. घरधनी पारावर जाऊन बसतो. घरधनीण मात्र बसत नाही. विहिरीचे पाणी खाली गेले, की तिच्या खेपा उलट वाढतात.

याच दिवसांत भाजी महाग होते. मग सकाळी पिठले-भाकरी आणि रात्री चटणी-भाकरी. लेकरांच्या ताटात हिरवी भाजी आठ-आठ दिवस दिसत नाही. म्हणून आजच्या धड्यात परसबाग घेतली आहे.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, प्यायला पाणी मिळंना, आन् बाग कसली लावता?" माण-खटावसारख्या कोरड्या मुलखात हा प्रश्न खराच आहे. तेव्हा आधी एक हिशेब करू.

घरात पाच माणसे आहेत. आंघोळीला दर माणशी एक बादली, म्हणजे १५ लिटर पाणी लागते. पंधरा पंचे पंच्याहत्तर. भांड्यांना आणि भाजी धुवायला आणखी १५ लिटर. एकूण झाले ९० लिटर. मोठ्या हंड्यात साधारण १५ लिटर पाणी मावते. म्हणजे रोज सहा हंडे पाणी मोरीतून गल्लीत जाते. तिथे चिखल होतो, डास होतात. हे सहा हंडे कुणीतरी डोक्यावरून आणलेले असतात. एका हंड्यात १५ किलो पाणी, हंड्याचे वजन वेगळे. ते वाहणाऱ्या बाईला विचारा, हे पाणी असे सोडून द्यावे का?

तेव्हा आपल्या बागेचा पहिला नेम असा : बागेसाठी घरधनिणीने वेगळी खेप घालायची नाही. घालावीच लागली, तर घरधन्याने घालावी. पुरुषमाणूस हंडा घेऊन निघाला, की पारावरची मंडळी हसतात. हसू द्या. तेच पाणी सायकलला दोन कॅन अडकवून आणले, तर कुणी हसत नाही. मोठी गंमतच आहे!

आता कामाला लागू. मोरीजवळची, ऊन लागणारी जागा निवडा. घरधन्याने ती वीतभर खोल खणावी. त्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. मोरीच्या तोंडाशी खड्डा करून त्यात गोटे आणि वाळू भरावी. तिथून चर काढून साबणाचे पाणी केळीला सोडावे. हे पाणी पालेभाजीवर घालू नये.

वेलांसाठी मडक्याची युक्ती फार चांगली. ती नवी नाही. चीन देशात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या ग्रंथात ती सांगितली आहे. मातीचे नवे, रंग न लावलेले मडके घ्या. ते गळ्यापर्यंत जमिनीत पुरा. भोवती एक वीत अंतरावर तीन-चार बिया लावा. मडके पाण्याने भरा आणि तोंडावर चपटा दगड ठेवा. दगड नसेल तर पाणी उडून जाते आणि डास अंडी घालतात. मडक्याला बारीक छिद्रे असतात. माती सुकली, की ती पाणी ओढून घेते. माती ओली असली, की पाणी मडक्यातच राहते. वरून ओतलेले पाणी उन्हाने उडते, हे मात्र मुळाशी जाते. मडक्यात साबणाचे किंवा खरकटे पाणी घालू नका, छिद्रे बुजतात. भाजी धुतलेले पाणी फडक्याने गाळून घाला. जुना माठही याच कारणाने चालत नाही.

बी कोणते? दोडका, कारली, भेंडी, गवार. दोडक्या-कारल्याच्या बीचे कवच जाड असते. ते रात्रभर कोमट पाण्यात भिजवून सकाळी लावावे. होळीला लावलेली भेंडी दीड-दोन महिन्यांत तोडायला येते. वेलांना थोडे जास्त दिवस लागतात.

वेल वर येईपर्यंत मांडव उभा पाहिजे. बांबू रोवा, वर तुराट्या किंवा पऱ्हाट्या टाका. बांधायला दोरी घरीच वळा. अंबाडीचा वाख असला तर उत्तम, नसला तर जुन्या लुगड्याच्या पट्ट्या घ्या. हे काम एकट्याचे नाही. दोघांनी समोरासमोर बसावे. एकेक पदर हाती धरून दोघांनीही आपापल्या उजव्या हाताला पीळ द्यावा. मग दोन्ही पदर एकत्र करून डावीकडे पीळ द्यावा. उलटा पीळ दिला नाही, तर दोरी हातातून सुटताच उकलते. पहिल्या दिवशी घरधनीण म्हणेल, "अवं, जरा ताणून धरा की!" तिचे ऐकावे. गोधडी शिवून शिवून तिच्या बोटांना ताण कळतो.

कोवळ्या वेलावर लाल भुंगे येतात आणि पानांची चाळण करतात. सकाळी दवात चुलीची राख चाळून पानांवर भुरभुरावी.

पुढे फुले येतात, पण फळ धरत नाही. लोक म्हणतात, दृष्ट लागली. तसे नाही. वेलावर नर फूल आणि मादी फूल वेगवेगळे असते. मादी फुलाच्या खाली बोटाएवढे फळ दिसते. नर फुलाखाली नुसता देठ असतो. उन्हाळा कडक असला, की नर फुले जास्त येतात. दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते. तेव्हा नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवावा. कारल्याचे फूल सकाळी उमलते, त्याला हे काम सकाळी करावे.

घरात पुरून उरलेली भाजी विकावी. ते पैसे घरधनिणीकडे राहावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सहा हंडे तिचे होते.

वेलावरचा सर्वांत चांगला दोडका तोडू नका. त्याला चिंधी बांधून खूण करा. तो वेलावरच वाळू द्या. हलवला की आत बी वाजते. मग बी काढून, सावलीत सुकवून, राखेत घोळून बरणीत भरा. बरणीत चिठ्ठी टाका. तिच्यावर बियाचे नाव, महिना आणि साल लिहा. एकाने लिहावे, दुसऱ्याने वाचून पाहावे.