दह्याचे आर्मेनियन सूप

प्रश्न : आर्मेनियन पद्धतीचे सूप करताना दही फाटते. उपाय काय?

उत्तर : ‘स्पास’ नावाचे हे सूप मात्सून, म्हणजे आर्मेनियातील आंबट दही, आणि मऊ शिजवलेले, साल काढलेले गहू यांपासून होते. तापलेल्या दह्यातील प्रथिने एकमेकांना चिकटून पाणी सुटते. कणीक मिसळल्यास तिच्यातील स्टार्च फुगून ही गुठळी रोखतो, आणि कढीला बेसन लावण्यामागेही हेच कारण असते. म्हणून 1 लिटर दह्यात 1 अंडे व 2 मोठे चमचे कणीक थंड असतानाच घुसळून, 2 वाट्या पाणी घालून, मंद आचेवर पहिली उकळी येईपर्यंत अखंड ढवळावे, मगच गहू व मीठ घालावे. लोण्यात परतलेला कांदा आणि कोथिंबीर शेवटी. कोथिंबिरीत कंजुषी नको.