ओव्हरड्राइव्ह : गाडीची लांब चाल

देहूरोड हे रस्त्यावरचे गाव आहे. पुण्याहून मुंबईला जाणारा जुना रस्ता इथून जातो. आगगाडीचा मार्गही इथूनच जातो. जवळच किवळे आहे. तिथून मुंबईचा द्रुतगती मार्ग सुरू होतो. तो २००२ साली पुरा झाला. किवळ्यापासून कळंबोलीपर्यंत त्याची लांबी सुमारे ९४ किलोमीटर आहे.

आपल्या या भागात मोटारी तयारही होतात. पिंपरीला टाटांचा कारखाना आहे. चाकणला महिंद्र, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज यांचे कारखाने आहेत. जिथे शेते होती, तिथून आज नव्या गाड्या बाहेर पडतात. पुष्कळ घरांतली मुले कारखान्यात जातात. कोणी ड्रायव्हर होतात.

पूर्वी ड्रायव्हरला क्लच दाबून हाताने गिअर बदलावा लागे. आता पुष्कळ गाड्या आपला गिअर आपणच बदलतात. त्यांना ऑटोमॅटिक गाड्या म्हणतात. चार गिअरच्या अशा काही गाड्यांत एक लहान बटण असते. त्याला ओव्हरड्राइव्हचे बटण म्हणतात. ते कशासाठी असते, हे ठाऊक नसले तर सपाट रस्त्यावर तेल वाया जाते आणि घाटात जीव धोक्यात येतो. म्हणून या धड्यात आपण त्याची माहिती घेऊ.

गिअर म्हणजे काय?

गिअर म्हणजे दात असलेली चाके. एका चाकाचे दात दुसऱ्याच्या दातांत अडकतात. एक फिरले की दुसरे फिरते.

समजा, इंजिनाकडच्या चाकाला १० दात आहेत आणि पुढच्या चाकाला ३० दात आहेत. इंजिनाकडचे चाक ३ वेळा फिरेल, तेव्हा पुढचे चाक एकदा फिरेल. फेरे कमी झाले, पण जोर तिप्पट झाला. हा पहिला गिअर. उभी गाडी हलवायला आणि चढ चढायला तो लागतो.

बैलगाडीचेही तसेच नाही का? भरलेली गाडी चिखलातून काढायची असली तर बैल पळत नाहीत. ते लहान पावले टाकतात आणि मान खाली घालून जोर लावतात.

गाडीला वेग आला की तेवढा जोर लागत नाही. मग दुसरा गिअर पडतो, मग तिसरा. चार गिअरच्या गाडीत तिसऱ्या गिअरला इंजिनाचा एक फेरा आणि दांड्याचा एक फेरा असा सारखा हिशेब जवळपास जमतो. दांडा म्हणजे गिअरपेटीतून पुढे चाकांकडे जोर नेणारा लोखंडी कणा.

मग ओव्हरड्राइव्ह कशाला?

आता हिशेब उलटा करू. इंजिनाकडच्या चाकाला १० दात आणि पुढच्या चाकाला ७ दात आहेत. इंजिनाकडचे चाक ७ वेळा फिरले. सात दाहे सत्तर. म्हणजे ७० दात पुढे गेले. पुढच्या चाकाला ७ दात आहेत. ७० दातांत त्याचे १० फेरे झाले.

इंजिनाचे फेरे ७ आणि दांड्याचे फेरे १०! दांडा इंजिनापेक्षा जास्त फिरला. यालाच ओव्हरड्राइव्ह म्हणतात. चार गिअरच्या गाडीत हा चौथा गिअर असतो. दातांचे आकडे आम्ही समजण्यापुरते घेतले आहेत. प्रत्येक गाडीत ते वेगळे असतात आणि चाकांची मांडणीही निराळी असते. पण हिशेबाची रीत हीच.

याचा फायदा काय? समजा, सपाट रस्त्यावर एका वेगाने जायला दांडा मिनिटाला ३००० वेळा फिरला पाहिजे. तिसऱ्या गिअरला इंजिनही ३००० वेळा फिरेल. ओव्हरड्राइव्हमध्ये ते २१०० वेळाच फिरेल. दर मिनिटाला ९०० फेरे वाचले. इंजिन कमी फिरले की तेल कमी लागते, आवाज कमी होतो आणि झीजही कमी होते.

हा काही कालचा शोध नाही. अमेरिकेत १९३४ साली क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांत ओव्हरड्राइव्ह मिळू लागला होता. पुढे १९७३ साली जगभर तेल एकाएकी महाग झाले. मग तेल वाचवणारे गिअर सगळ्यांनाच हवेसे झाले आणि ऑटोमॅटिक गाड्यांतही ओव्हरड्राइव्ह येऊ लागला.

फेरे वाढले की जोर घटतो

नावावरून कोणाला वाटेल, की ओव्हरड्राइव्ह म्हणजे जास्तीची ताकद. तसे नाही, बरे का! उलट ओव्हरड्राइव्हमध्ये गाडीची ओढ कमी होते. फेरे वाढवले की जोर घटतो आणि जोर वाढवला की फेरे घटतात. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

म्हणून चढावर ओव्हरड्राइव्हचा उपयोग नाही. चढ लागला की ऑटोमॅटिक गाडी आपणच खालचा गिअर घेते. पण लांब, वेड्यावाकड्या चढावर तिची चलबिचल होते. जरा सपाटी आली की ती चौथा गिअर टाकते. पुन्हा चढ आला की तिसरा. असे घटकेत वर, घटकेत खाली चालू राहते. त्याने गिअरपेटीतले तेल तापते. अशा वेळी बटण दाबून ओव्हरड्राइव्ह बंद करावा. मग गाडी तिसऱ्याच्या वर जात नाही आणि एका चालीने चढते.

उताराला खरी परीक्षा

चढापेक्षा उतार अवघड. चढावर चूक झाली तर गाडी रखडते. उतारावर चूक झाली तर गाडी हातची जाते.

आपल्याला बोरघाट माहीत आहे. लोणावळा समुद्रापासून सुमारे ६२० मीटर उंच आहे. खंडाळा ओलांडला की रस्ता एकदम खाली खोपोलीकडे उतरतो. या घाटात गाडीरस्ता १८३० साली झाला. तेव्हा बैलगाड्या इथून उतरत. गाडीवान चाकाला लाकडाचा ठोकळा दाबून धरत असे, पण नुसत्या ठोकळ्यावर त्याची भिस्त नसे. बैल मागे रेटून गाडी धरत. गाडीवानाचा विश्वास बैलांवर असे.

मोटारीतही असेच आहे. ब्रेक हा ठोकळा आणि इंजिन हा बैल. उतारावर खालचा गिअर असला आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, की चाकांना इंजिन फिरवावे लागते. ते जड जाते, म्हणून गाडीचा वेग आवरतो. ओव्हरड्राइव्हमध्ये मात्र इंजिनाची ही धरण फार थोडी असते. गाडी पळू लागते. मग ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवतो तो ठेवूनच राहतो.

ब्रेक घासून चालतो आणि घासले की तापते. दोन हात चोळून पाहा, लगेच ध्यानात येईल. घाटभर ब्रेक दाबून ठेवला तर तो इतका तापतो, की त्याची पकड कमी होते. ब्रेकचे तेल उकळले तर पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो. दाबला तरी गाडी थांबत नाही. तो खालपर्यंत जातो आणि समोर वळण असते.

म्हणून उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करावा आणि ओव्हरड्राइव्ह बंद करावा. उतार फार असेल तर दोन आकडा किंवा एल अक्षर असलेल्या जागी दांडी आणावी. मात्र गाडी वेगात असताना तसे करू नये. आधी ब्रेकने वेग उतरवावा. जुने ड्रायव्हर म्हणतात, ‘ज्या गिअरात चढशील, त्याच गिअरात उतर.’ हे बोल सोन्याचे आहेत.

काही जण डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करतात. न्यूट्रल म्हणजे बैल सोडून दिलेली गाडी! तिला धरणारे कोणी उरत नाही. आणि डिझेल तरी वाचते का? नव्या गाड्यांत गिअर पडलेला असून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, की इंजिनाला जाणारे तेल बहुधा बंदच होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडे तेल लागतेच. म्हणजे बचत नाही ती नाहीच, वर जिवाला धोका.

आगगाडीसुद्धा जपून उतरते

याच घाटातून १८६३ साली आगगाडी सुरू झाली. लोहमार्गाचा चढ काही ठिकाणी ३७ मीटरला १ मीटर इतका आहे. लोखंडी रुळांवर एवढा चढ म्हणजे फारच. घाट उतरताना आगगाड्या मंकी हिलजवळ थांबवून ब्रेकची खात्री करतात. गाडी आवरली नाहीच, तर ती वळवून चढावर नेऊन थांबवावी, यासाठी वेगळे रूळ टाकलेले आहेत. एवढे मोठे यंत्र, एवढी शिकलेली माणसे, पण उताराचा मान तेही राखतात. मग आपण का राखू नये?

दिवा वाचायला शिका

मामा गाडी चालवतो आहे. भाचा शेजारी बसला आहे.

भाचा : मामा, हा पिवळा दिवा लागलाय. त्यावर काय लिहिलंय?

मामा : ओ, डी, ऑफ. म्हणजे ओव्हरड्राइव्ह बंद आहे.

भाचा : म्हणजे दिवा लागला की बंद, अन् दिवा विझला की चालू? हे तर उलटंच झालं!

मामा : उलटंच आहे, लेका. म्हणून तर अंदाजानं चालत नाही, वाचावं लागतं. आता घाट उतरायचाय, तर दिवा लागलेला हवा. खाली खोपोलीला सपाटी लागली, की बटण परत दाबायचं. दिवा जाईल अन् चौथा गिअर मोकळा होईल.

भाचा : आणि परत दाबायला विसरलं तर?

मामा : गाडी मोडत नाही. पण इंजिन उगाच ओरडतं अन् तेल पितं.

गाडीतली अक्षरे इंग्रजी असतात. भिऊ नका. मराठी वाचायला शिकलो, तशी चार-सहा इंग्रजी अक्षरेही ओळखता येतील. ओ हे अक्षर शून्यासारखे गोल असते. डी हे धनुष्यासारखे असते, एक सरळ दोरी आणि एक वाकलेली काठी. दांडीजवळही अक्षरे असतात. पी म्हणजे उभी गाडी. आर म्हणजे मागे. एन म्हणजे न्यूट्रल. डी म्हणजे पुढे.

हा दिवा आपोआप लुकलुकू लागला तर बऱ्याच गाड्यांत तो गिअरपेटीच्या बिघाडाची खूण असतो. तेव्हा गाडी मिस्त्रीला दाखवावी.

आजच्या पुष्कळ गाड्यांत हे बटण नसते. कुठे अधिक-उण्याच्या खुणा असतात, कुठे नुसते एल किंवा एस. विजेच्या गाड्यांत तर बहुधा गिअर बदलावाच लागत नाही. पाय काढला की त्यांची मोटर उलट वीज तयार करते आणि गाडीला धरते. पण उतार तोच आहे आणि नियमही तोच. नवी गाडी हाती आली, की तिच्याबरोबरचे पुस्तक आधी वाचावे. वाचता येते, तर वाचावेच.

ध्यानात ठेवा

१. सपाट, मोकळा रस्ता : ओव्हरड्राइव्ह चालू, दिवा विझलेला.

२. लांब चढ, जड ओझे किंवा घाटाचा उतार : ओव्हरड्राइव्ह बंद, दिवा लागलेला.

३. पुढच्या गाडीला मागे टाकताना जास्त ओढ हवी असेल तर ओव्हरड्राइव्ह थोडा वेळ बंद करावा.

४. उतारावर न्यूट्रल कधीही नको.

५. ब्रेकचा जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबावे. ब्रेक आपोआप निवू द्यावा. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नये. लोखंडाला तडा जाण्याची भीती असते.

सांगा पाहू

१. १० दातांचे चाक ७ वेळा फिरले, तर ७ दातांचे चाक किती वेळा फिरेल?

२. ओव्हरड्राइव्हमध्ये गाडीची ओढ वाढते की घटते?

३. ‘ओ डी ऑफ’ हा दिवा लागला आहे. ओव्हरड्राइव्ह चालू की बंद?

४. घाट उतरताना इंजिनाला बैलाची उपमा का दिली आहे?

५. तुमच्या घरी किंवा गावात कोणी ड्रायव्हर असेल, तर त्याला हा धडा वाचून दाखवा. तो घाट कसा उतरतो, ते विचारा आणि चार ओळींत लिहा.