इंजिन का अडले?

वैशाखाचे ऊन. खानदेशात या दिवसांत पारा 44-45 अंशांवर जातो. केळीला पाण्याचा ताण सोसत नाही. पाने करपतात, घड बारीक राहतो. अशा वेळी विहिरीवरचे इंजिन बंद पडले, तर शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो.

आता पुष्कळ विहिरींवर विजेची मोटर आहे. पण वीज गेली म्हणजे जुन्या डिझेल इंजिनाचीच आठवण होते. नदीनाल्याच्या काठी जिथे तार पोचली नाही, तिथेही तेच कामाला येते.

मागे आम्ही रावेर तालुक्यात एका मळ्यात गेलो होतो. आबा, त्यांचा मुलगा नि सून, तिघेही इंजिनाभोवती बसलेले. पाट कोरडा.

"आबा, काय झाले?" आम्ही विचारले.

"काय सांगू भाऊ! सकाळपासून हँडल मारून हात भरून आले. मिस्तरीला निरोप धाडला, तर तो म्हणतो परवा येतो. परवापर्यंत बाग थांबेल का?"

"हँडल मारताना धुराड्यातून थोडा तरी धूर येतो का?"

"अजिबात नाही."

धूर नाही, म्हणजे बहुधा डिझेल आतपर्यंत पोचत नाही. आम्ही म्हणालो, "आबा, पाटाचे पाणी वाफ्यात आले नाही, तर तुम्ही काय करता?"

"काय करणार? विहिरीपासून वाफ्यापर्यंत पाट बघत जातो. कुठे फुटलाय, कुठे पाला अडकलाय, ते दिसतं."

"मग इंजिनाचेही तेच करू. डिझेलचा पाट बघत जाऊ."

डिझेलचा पाट

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या काठी फडाची जुनी पद्धत आहे. बंधाऱ्याचे पाणी उताराने आपोआप शेतात येते. आपल्या जुन्या इंजिनावर डिझेलही बहुधा असेच उताराने येते. टाकी उंचावर असते. टाकीतून कॉक, कॉकमधून नळी, नळीतून फिल्टर, फिल्टरमधून डिझेलचा लहान पंप. इथपर्यंत उतार. पुढे पंप जोर लावतो नि जाड भिंतीच्या बारीक नळीतून डिझेल नोझलकडे ढकलतो. नोझल त्याचा बारीक फवारा आत उडवते.

आत हवा दाबून इतकी तापलेली असते, की फवारा आपोआप पेटतो. ठिणगी लागत नाही. ही युक्ती रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन माणसाची. त्याचे इंजिन 1897 साली नीट चालले. त्याच्याच नावावरून तेलालाही डिझेल म्हणू लागले. आपल्याकडे पुण्यात 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना निघाला. पुढे गावोगावी मोटेच्या जागी इंजिन आले.

एक एक जागा तपासली

1. टाकी. मुलगा म्हणाला, "टाकी मी कालच भरली." झाकण उघडून पाहिले. डिझेल होते. झाकणाला एक बारीक भोक असते, तेही मोकळे होते. हे भोक धुळीने बुजले, तर टाकीत हवा शिरत नाही आणि डिझेल खाली उतरत नाही. इंजिन थोडा वेळ चालते नि बंद पडते. झाकण सैल केले की पुन्हा चालते. ही खूण लक्षात ठेवा.

2. कॉक. तो उघडा होता. घाईत कॉक उघडायचाच राहिला, असेही पुष्कळदा होते.

3. नळी. फिल्टरकडे येणारी नळी सैल केली. खाली डबा धरला. डिझेलची चांगली धार लागली. म्हणजे इथपर्यंत पाट मोकळा.

4. फिल्टर. फिल्टरच्या पुढची नळी सैल केली. इथे नुसते थेंब! "सापडलं!" आबा म्हणाले. कॉक बंद करून फिल्टर उघडला. आत काळा गाळ, आणि तळाला पाणी.

"ड्रमातलं डिझेल कसं काढलं होतं?" आबांनी मुलाला विचारले.

"ड्रम तळाला आला होता. आडवा करून सगळं ओतलं."

इथेच चूक झाली. पाणी डिझेलपेक्षा जड असते. ते गाळासह तळाशी बसते. तळचे डिझेल ओतले, तर ती घाण फिल्टरमध्ये येते. आबा रागावले नाहीत. "चल, आता धू," एवढेच म्हणाले.

टाकीच्या तळाचा बोल्ट काढून तळचे पाणी नि गाळ डब्यात काढला. या फिल्टरचे आतले फडके धुता येण्यासारखे होते. ते स्वच्छ डिझेलमध्ये धुतले. आत कागदी फिल्टर असला, तर तो धुऊ नये. नवा घालावा.

आता हवा काढा

फिल्टर बसवला. कॉक उघडला. मुलाने हँडल मारले. तरी इंजिन गप्प!

"आता काय?" सूनबाईंनी विचारले.

आता नळीत हवा शिरली होती. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दांडा ढकलून पाहा. दांडा आत जातो, सोडला की मागे येतो. हवा दबते. डिझेल तसे दबत नाही. नळीत हवा असली, तर पंपाचा सगळा जोर ती हवा दाबण्यातच जातो. नोझल उघडतच नाही.

हवा अशी काढली:

1. फिल्टरच्या डोक्यावरचा लहान स्क्रू सैल केला. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. धार लागताच स्क्रू आवळला.

2. पंपावरच्या स्क्रूचेही तसेच केले.

3. नोझलजवळचा नट थोडा सैल केला आणि हँडल सावकाश फिरवले. बुडबुडे थांबून डिझेल आले, तेव्हा नट आवळला.

पुन्हा हँडल फिरवले. नोझलमधून 'कट् कट्' असा आवाज आला. आबा हसले. मुलाने वेग धरला, खटका सोडला. धक्-धक् करीत इंजिन सुरू झाले. थोड्या वेळाने पाटात पाणी आले. सूनबाई फावडे घेऊन केळीकडे गेल्या.

हवा पुन्हा पुन्हा धरत असेल, तर एखादा वायसर झिजला असेल, किंवा नळीला चीर पडली असेल. ती जागा शोधून वस्तू बदला. काळा धूर फार येत असेल, तर हवेची जाळी पाहा. जाळी स्वच्छ असूनही धूर काळाच राहिला, तर नोझल मिस्तरीला दाखवा. पंप नि नोझल आपण खोलू नये.

जिवाला जपा

नोझलचा फवारा कधी हातावर घेऊ नका. त्याचा जोर इतका असतो, की डिझेल कातडीतून आत घुसते. असे झाले तर जखम लहान दिसली तरी लगेच दवाखान्यात जा.

डिझेलजवळ विडी ओढू नका.

विहिरीच्या आत इंजिन ठेवून चालवू नका. धुरात विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. विहिरीत तो साठतो. खाली उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला उतरलेलाही पडतो. एका घरातली दोन माणसे अशी जाऊ शकतात.

लक्षात ठेवा

ड्रम एक दिवस हलवू नका, मग वरचे डिझेल काढा. टाकीत बारीक कापडातून गाळून ओता. टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नका. सांडलेले डिझेल विहिरीत किंवा पाटात जाऊ देऊ नका.

सूनबाईंनी त्या दिवशी वहीत लिहिले: 'आज फिल्टर धुतला.' खाली तारीख घातली. तुम्हीही अशी वही ठेवा. लिहिता येते, ते अशा वेळी कामाला येते.

प्रश्न

1. हँडल मारताना धूर मुळीच आला नाही, तर काय समजावे?
2. टाकीच्या झाकणाला भोक कशासाठी असते?
3. फिल्टर उघडल्यावर हवा का काढावी लागते?
4. तुमच्या इंजिनाचा फिल्टर शेवटी कधी धुतला? वहीत तारीख लिहा.